ऐतिहासिक चित्रपटातील पोशाख : किती पुरावा, किती अनुमान?

एखाद्या भव्य ऐतिहासिक चित्रपटाची झलक प्रदर्शित झाली की चार दिवसांच्या आत पोशाखावरून वाद पेटतो. महाराणीच्या अंगावर इतके दागिने असतील का, मावळ्याच्या डोक्यावर असे पागोटे असायचे का, दरबार खरोखर इतका झगमगत असेल का, असे प्रश्न विचारले जातात. एक बाजू दिग्दर्शकावर इतिहासाशी खेळल्याचा आरोप करते आणि दुसरी बाजू 'शेवटी सिनेमाच आहे' असे म्हणून विषय मिटवते. ज्या प्रेक्षकाला तो पोशाख बघताना मनापासून आनंद झाला, त्याच्या हाती मात्र या वादातून काहीच लागत नाही.

कोल्हापुरात हा विषय घरचा आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात, इथेच घडवलेल्या कॅमेऱ्याने चित्रपट काढले, भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत शिवकाल उभा केला आणि ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय, भानू अथैया, यांचा जन्मही १९२९ साली इथलाच. त्यांना ते पारितोषिक वेशभूषेसाठीच मिळाले. म्हणून पडद्यावरचा ऐतिहासिक पोशाख कसा तयार होतो, त्यात माहिती किती आणि कल्पना किती, आणि हे कळल्यावर बघण्याचा आनंद कमी होतो की वाढतो, याचा विचार आपण तरी नीट करावा असे मला वाटते.

हाती पुरावा किती असतो?

कापड टिकत नाही, ही या विषयातली सर्वांत मोठी अडचण आहे. तलवार, तोफ, नाणे, किल्ल्याचा तट साडेतीनशे वर्षांनंतरही हाताळता येतो, पण सुती जामा, म्हणजे घेरदार अंगरखा, किंवा रेशमी शेला दमट हवेत आणि कसरीच्या तोंडी सापडून नाहीसा होतो. जरीच्या वस्त्रांवर तर आणखी एक संकट असे. खऱ्या जरीत चांदीची तार असते, त्यामुळे वस्त्र जीर्ण झाले की ते जाळून चांदी काढून घेण्याची रीत होती. म्हणजे जी वस्त्रे सर्वांत मौल्यवान, तीच मुद्दाम नष्ट केली गेली.

मग उरतात ती चित्रे आणि लिखाण. छत्रपती शिवाजी महाराजांची गोवळकोंड्याच्या शैलीतील, १६८० च्या दशकातली मानली जाणारी चित्रे ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पायघोळ जामा, कमरेला पटका, डोक्यावर तुरा खोवलेले पागोटे असा वेश त्यांत दिसतो. लिखाणात बखरी, पत्रव्यवहार आणि परदेशी प्रवाशांची वर्णने येतात. अफजलखानाच्या भेटीसाठी महाराज निघाले, त्या प्रसंगी सभासद बखर जरीची कुडती, मंदील (जरीचे पागोटे) आणि चोळणा (आखूड तुमान) यांचा उल्लेख करते. हा उल्लेख मोलाचा आहे, पण बखर लिहिली गेली ती प्रसंगानंतर तीस वर्षांहून अधिक काळाने, आणि कुडतीचा गळा कसा होता, बाही किती लांब होती, रंग कोणता होता, हे ती सांगत नाही. वेशभूषाकाराला मात्र गळाही कापावा लागतो आणि बाहीही शिवावी लागते, कारण नटाला अर्धी कुडती घालून कॅमेऱ्यासमोर उभे करता येत नाही.

ही परिस्थिती समजून घ्यायची असेल तर उत्खननात सापडलेल्या फुटक्या मडक्याची कल्पना करावी. आपल्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात निघालेल्या वस्तू टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. अशा उत्खननात मडक्याचे पाच-सहा तुकडे मिळाले, तर जाणकार माणूस त्यांची गोलाई बघून संपूर्ण मडक्याचा आकार ठरवतो आणि मधल्या रिकाम्या जागा प्लॅस्टरने भरतो. प्लॅस्टरचा रंग तो जाणूनबुजून थोडा वेगळा ठेवतो, म्हणजे बघणाऱ्याला जुने काय आणि भरलेले काय ते कळते. चित्रपटातील पोशाखही असाच थोड्या तुकड्यांवरून उभा केलेला असतो. फरक एवढाच की पडद्यावर प्लॅस्टरचा रंग वेगळा ठेवता येत नाही. खरा तुकडा आणि भरलेली जागा एकाच जरीने झळकतात, आणि सगळा गैरसमज तिथून सुरू होतो.

महाराणी ताराराणींना कोणती वस्त्रे द्यावीत?

उदाहरण आपल्याच गावचे घेऊ. कावळा नाक्यावरचा महाराणी ताराराणींचा अश्वारूढ पुतळा प्रत्येक कोल्हापूरकराच्या डोळ्यांसमोर आहे. उद्या कोणी त्यांच्यावर चित्रपट काढायचे ठरवले, तर प्रेक्षक तोच वेश अपेक्षेने शोधतील. पण त्यांच्या आयुष्याकडे वेशभूषाकाराच्या नजरेने बघावे. जन्म १६७५ चा, सरसेनापती हंबीरराव मोहित्यांच्या घरातला. १७०० साली राजाराम महाराजांचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय पंचवीस. पुढची सात वर्षे औरंगजेबाच्या फौजांविरुद्धच्या लढ्याची सूत्रे त्यांच्या हाती होती. नंतर पन्हाळ्यावरची गादी, कैद, सातारा, आणि शेवट १७६१ साली, म्हणजे पानिपताच्याच वर्षी. एवढ्या आयुष्यात शिवकाल सरून पेशवाई ऐन भरात आली. पागोट्याची ठेवण, जाम्याचा घेर, दरबारचा थाट, सारे काही त्या काळात बदलत गेले असणार.

आता प्रश्न असे पडतात. सरसेनापतीची लेक आणि राजघराण्याची सून म्हणून पहिल्या प्रसंगात कोणती वस्त्रे द्यावीत? वैधव्य आल्यावर लगेच लढ्याचे नेतृत्व करणाऱ्या राणीला पांढऱ्या वस्त्रांत दाखवावे की सत्ताधारी व्यक्तीच्या पोशाखात? घोड्यावर बसताना लुगड्याचा कास कसा मारावा, वर शेला असावा की चिलखत? मराठा राजस्त्रियांची त्या काळात समोर बसवून काढलेली चित्रे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे नंतरच्या चित्रांवरून, घराण्यातील रीतींवरून आणि शरीराच्या गरजेवरून काढावी लागतात. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. नऊवारी म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. ते दोन्ही पायांतून नेऊन मागे घट्ट खोचले की मांड ठोकता येते, हे आजही कोणी नेसून दाखवू शकते. म्हणून कासोट्याचे लुगडे हे अनुमान असले तरी भक्कम अनुमान आहे. अंगभर धातूचे चिलखत घालून सह्याद्रीच्या घाटांतून दिवसच्या दिवस दौड मारणारी राणी हे मात्र फारच कच्चे अनुमान म्हणावे लागेल, कारण चपळाई हेच ज्या फौजेचे शस्त्र होते ती फौज अंगावर असा बोजा घेऊन फिरत नसे. कावळा नाक्याचा पुतळाही शेवटी एका शिल्पकाराचे अनुमानच आहे. ते देखणे आहे, आदराने केलेले आहे, पण चित्रपटाने त्यालाच पुरावा मानणे बरोबर नाही.

चूक ओळखायची कशी?

अनुमान भक्कम की कच्चे, याची एक कसोटी म्हणजे कालविसंगती, म्हणजे एका काळातली वस्तू दुसऱ्याच काळात दिसणे. शिंदेशाही आणि होळकरशाही पगड्या ही याची सोपी खूण आहे. ही घराणी अठराव्या शतकात पुढे आली. त्यांच्या नावाची पगडी शिवकालातल्या सरदाराच्या डोक्यावर दिसली, तर वेशभूषाकाराने शंभर वर्षांची उडी मारली असे समजावे. पागोटे आणि फेटा दरवेळी बांधायचे असतात, पगडी मात्र एकदा बांधून, टाके घालून टोपीसारखी घालायची असते. लढाईच्या ऐन धामधुमीत शेकडो मावळ्यांच्या डोक्यांवर एकसारख्या, एकाही वळणात फरक नसलेल्या तयार पगड्या दिसल्या, तर पडद्यामागची घाई लक्षात येते.

जाम्याचे बंद हीदेखील बारकाईने बघण्याची जागा आहे. मुघल काळात हिंदू पुरुष जाम्याचे बंद डाव्या बगलेखाली आणि मुसलमान पुरुष उजव्या बगलेखाली बांधत, अशी रीत होती आणि लघुचित्रांतून ती दिसते. संवादात एक अक्षरही न सांगता दरबारात उभी असलेली माणसे कोण आहेत हे या बंदांवरून सांगता येते. ज्या चित्रपटात असे बंद नीट सांभाळले आहेत तिथे कोणीतरी मन लावून अभ्यास केला आहे असे खुशाल समजावे, आणि मला तर अशा जागी भव्य सेटपेक्षा अधिक समाधान मिळते.

रंगांबाबत प्रेक्षकांमध्ये एक मोठा गैरसमज आहे. मातकट, करडे, धुळीने माखलेले कपडे म्हणजे अस्सल आणि भडक रंग म्हणजे नाटकी, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. आल या झाडाच्या आणि मंजिष्ठेच्या मुळांचा लाल, लाखेचा किरमिजी, निळीचा निळा, हळदीचा पिवळा, हे रंग चांगलेच तेजस्वी असतात. त्या काळी भारतातील रंगीत छिटांना, म्हणजे नक्षीदार सुती कापडांना, युरोपात प्रचंड मागणी होती, ती काही मातकट रंगांसाठी नव्हती. वनस्पतीच्या रंगांना एक खोली असते आणि प्रत्येक घाण्यात छटा थोडी बदलते. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८५६ साली पहिला प्रसिद्ध कृत्रिम रंग शोधला, तो जांभळा होता. त्यानंतर रसायनातून निघालेले झगझगीत जांभळे, गुलाबी आणि हिरवे रंग बाजारात आले. म्हणून सतराव्या शतकातील दृश्यात लालभडक शेला खटकू नये. खटकायला हवी ती शंभर सैनिकांच्या अंगावरची एकाच छटेची, डोळ्यांत खुपणारी रासायनिक रंगाई.

कापडापासून पडद्यापर्यंत

वेशभूषाकाराचे काम संहिता वाचण्यापासून सुरू होते. कोणते पात्र कोणत्या प्रसंगात, किती वयाचे, कोणत्या मनःस्थितीत आहे याची नोंद होते, त्यावरून रेखाटने होतात, कापडाचे नमुने मागवले जातात, मापे घेतली जातात आणि तयार झालेला पोशाख नटाला घालून कॅमेऱ्यासमोर तपासला जातो. लढाईच्या दृश्यासाठी एकाच पोशाखाच्या अनेक प्रती लागतात: एक नटासाठी, एक त्याच्या जागी उडी मारणाऱ्या साहसवीरासाठी, एक रक्ताने माखलेली, एक फाटलेली. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसल्याने, बाहीवरचा डाग आधीच्या दृश्यात कुठे होता हे छायाचित्रे काढून जपावे लागते.

नव्या कापडाला जुने करणे ही तर स्वतंत्र कलाच आहे. चहाच्या पाण्यात बुडवून पांढऱ्याचा उजळपणा मारला जातो, कोपर, गुडघा आणि काठ या जागा घासकागदाने झिजवल्या जातात, जाम्याच्या खालच्या घेराला माती चोळली जाते. हे काम करणारा माणूस चांगला असेल तर झीज नेमकी तिथेच दिसते जिथे शरीर कापडाला घासते. घोडेस्वाराच्या वस्त्रावर मांडीच्या आतल्या बाजूला, तलवारबाजाच्या पटक्यावर मुठीजवळ. सगळीकडे सारखाच मळ फासलेला असेल तर तो पोशाख कोणी जगलेला नाही हे डोळ्याला कळते, भले ते शब्दांत सांगता येत नसो.

रेशीम आणि नकली रेशीम यांतला फरक समजून घ्यायचा असेल तर दोन्हींचा एकेक धागा काढून काडीने पेटवून बघावा. रेशमाचा धागा सावकाश जळतो, केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे राहिलेली काळी राख बोटांत चुरगळली जाते. पॉलिएस्टर वितळते, आक्रसते आणि थंड झाल्यावर टोकाला कडक मणी उरतो. पडद्यावर धागा जाळून बघता येत नाही, पण हा फरक कापडाच्या चालीत दिसतो. घोड्यावरून उतरलेल्या सरदाराचा रेशमी घेर खाली येताना थरथरतो आणि मग अंगाशी शांत बसतो, तर नकली कापड फुगून राहते किंवा पायांना चिकटते. जरीचेही तसेच. रेशमावर गुंडाळलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीच्या तारेचा झोत मऊ असतो आणि माणूस हलला की तो कापडावरून सरकतो, तर चकचकीत प्लॅस्टिकची जर एकाच जागी सारखी लकाकत राहते. मोठ्या पडद्यावर हे स्पष्ट दिसते, हातातल्या मोबाइलवर दिसत नाही. म्हणून असा चित्रपट चित्रपटगृहातच बघावा, असा माझा आग्रह आहे.

कॅमेऱ्याची आणि दिव्यांची अट

पोशाख कितीही अभ्यासपूर्ण असला तरी तो शेवटी कॅमेऱ्याला दिसायचा असतो. मूकपटांच्या काळातली फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. लाल लुगडे पडद्यावर काळे पडे आणि फिकट निळे वस्त्र पांढरे दिसे. त्यामुळे त्या काळी कापडाची निवड प्रत्यक्षातला रंग बघून करून भागत नसे, पडद्यावर त्याची करडी छटा कोणती होईल हे ओळखावे लागे. बाबूराव पेंटर मुळात चित्रकार आणि रंगभूमीचे पडदे रंगवणारे, त्यामुळे छटांची ही जाण त्यांच्याकडे आधीपासूनच होती. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरून रात्रीचे वातावरण उभे केले. समई आणि मशाल यांच्या हलत्या, पिवळ्या उजेडातच जरीकामाला खरा जीव येतो. आज दरबार चहूबाजूंनी पांढऱ्याशुभ्र झोतांत उजळला की तीच जर भडक वाटू लागते, आणि दोष मात्र वेशभूषाकाराच्या माथी बसतो.

'मग ही भव्यता म्हणजे खोटेपणाच ना?'

हा आक्षेप वरवर पटणारा असला तरी त्यात इतिहासच विसरला जातो. भव्यता ही चित्रपटाने लावलेली पुरवणी नाही. त्या काळच्या दरबारांत वस्त्र हे राजकारणाचे साधन होते. बादशहा खिलत देई, म्हणजे मानाची वस्त्रे, आणि ती स्वीकारणे म्हणजे त्याचे वर्चस्व मान्य करणे. १६६६ साली आग्र्याच्या दरबारात अपमान झाल्यावर शिवाजी महाराजांनी खिलत घेण्याचे नाकारले. तिथे कापडाचा एक जोड नाकारणे हे सरळसरळ आव्हान होते. १६७४ चा राज्याभिषेकही जाणीवपूर्वक वैभवाने केला गेला, कारण सार्वभौम राजा म्हणून जगासमोर उभे राहायचे होते. असे प्रसंग साधेपणाने दाखवले तरच इतिहासाचा विपर्यास होईल.

माझी तक्रार वेगळी आहे. वैभव सर्वांना सारखे वाटून दिले की ते वैभव राहत नाही. राजा, सरदार, कारकून, हुजऱ्या आणि बाहेर पाणी भरणारी बाई, सगळेच जरीकाठात वावरू लागले की दरबाराची उतरंडच पुसली जाते. शेतातून आलेल्या मावळ्याच्या खांद्यावरची जाडीभरडी घोंगडी जितकी खरी असेल, तितका सिंहासनाजवळचा किनखाब, म्हणजे जरीचे भारी रेशमी कापड, डोळ्यांत भरतो. पैसा कुठे ओतला आणि कुठे हात आखडला, यावरून दिग्दर्शकाची समज कळते.

'करमणुकीत एवढा किस कशाला काढायचा?'

कारण जाणकारीने करमणूक वाढते. भानू अथैया यांनी १९६६ च्या 'आम्रपाली'साठी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून वस्त्रे आणि अलंकार घडवले. आम्रपाली बुद्धाच्या काळातली, आणि अजिंठ्याची बरीचशी प्रसिद्ध चित्रे त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी काढलेली. काटेकोरपणे बोलायचे तर हा पुरावा त्या काळाचा नाही. पण बुद्धाच्या काळातील चित्रे उपलब्धच नसताना त्यांनी त्याच परंपरेतील, तिच्याच कथा सांगणारा सर्वांत समृद्ध आधार निवडला. हे कळल्यावर तो चित्रपट दुप्पट रसाने बघता येतो, कारण कलावंताने कोणत्या अडचणीतून कोणती वाट काढली ते दिसू लागते.

ज्यासाठी त्यांना ऑस्कर मिळाले त्या 'गांधी' चित्रपटात अडचण उलटी होती. तिथे छायाचित्रांचा, चलच्चित्रांचा आणि जिवंत माणसांच्या आठवणींचा ढीग होता, त्यामुळे चूक लगेच पकडली गेली असती. शिवाय गांधीजींचा पोशाख हीच त्यांच्या जीवनाची कथा होती: बॅरिस्टरचा सूट, मग काठियावाडी वेश, आणि १९२१ साली मदुराईत स्वीकारलेला पंचा. सहवेशभूषाकार जॉन मोलो यांच्यासह त्या कामासाठी मिळालेले ऑस्कर झगमगाटासाठी नव्हते. खादीच्या सुरकुत्यांसाठी होते, असे म्हटले तरी चालेल.

'आणि लोकांच्या श्रद्धेचे काय?'

हा प्रश्न गंभीर आहे आणि तो टाळू नये. थोर व्यक्तींचे जे रूप आपल्या मनात आहे ते बहुतांशी देव्हाऱ्याशेजारच्या तसबिरींतून, दिनदर्शिकांतून, पुतळ्यांतून आणि जुन्या चित्रपटांतून आलेले आहे. त्यापेक्षा निराळा वेश पडद्यावर दिसला की तो अपमान वाटतो, मग तो समकालीन चित्राच्या अधिक जवळचा का असेना. प्रेक्षकाची भावना खोटी नसते, परंतु ओळखीचे ते सगळे अस्सल आणि अनोळखी ते सगळे खोटे, असा निवाडा करण्याआधी निर्मात्याकडे आधार मागावा आणि त्याने तो द्यावा. चित्रपटाच्या आरंभी झळकणारी 'कलात्मक स्वातंत्र्य घेतले आहे' ही सूचना इथे काहीच कामाची नाही, कारण ते कुठे घेतले हे ती सांगत नाही.

यावर उपाय अवघड नाही. भानू अथैया यांनी २०१० साली आपल्या कामावर पुस्तक लिहून विचारप्रक्रिया उघड केली. प्रत्येक मोठ्या ऐतिहासिक चित्रपटाच्या चमूने निदान एवढे तरी करावे. चित्रीकरण संपल्यावर पोशाख गोदामात पडून राहतात किंवा उसवून दुसऱ्या चित्रपटाला वापरले जातात. त्यातले निवडक जपण्यासाठी कोल्हापुरात, मोरेवाडीच्या चित्रनगरीत, एक कायमचे दालन व्हायला हवे. तिथे प्रत्येक पोशाखाशेजारी साधी पाटी असावी: पागोटे अमुक संग्रहालयातील चित्रावरून, कुडती बखरीतील उल्लेखावरून, गळ्याची ठेवण आणि बाहीवरची वेलबुट्टी आमच्या कल्पनेने.